गोदीतली शांतता

रहिमतुल्लांच्या हॉलमध्ये त्या शुक्रवारी संध्याकाळी एक वीस इंची रंगीत टीव्ही होता, टीव्हीवर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर प्लास्टिकचे तीन गुलाब. दोन दिवाण, चार लोड, एक गालिचा. चहाचे कप नऊ आणि स्टीलचे पेले दोन, कारण माणसं अकरा होती आणि मुळात डझनभर असलेल्या कपांपैकी तीन वर्षभरात फुटले होते. अकरा जणांपैकी पाच मालिकेच्या बाजूचे, पाच विरुद्ध. अकरावे खुद्द रहिमतुल्ला. ते कुठल्याच बाजूचे नव्हते, कारण टीव्ही त्यांचा होता.

ही मोजदाद सत्यवतीची. लग्न होऊन बहरैनला येऊन तिला एक वर्ष आणि दोन महिने झाले होते. रत्नागिरीला फिजिक्स घेऊन तिने बी.एस्सी. केलं, पहिला वर्ग मिळवला, आणि ते प्रमाणपत्र ट्रंकेत साड्यांखाली ठेवून ती इथल्या तुबली गावात आली. इथे तिला काही मोजायला कुणी सांगत नव्हतं, म्हणून ती आपली आपणच मोजायची. जिन्याच्या पायऱ्या सतरा. सकाळी खाडीत उतरणारे फ्लेमिंगो, सरासरी चाळीस. नवरा शंभू चहात घालतो ती साखर, अडीच चमचे.

इमारतीच्या खालच्या मजल्यावर रहिमतुल्लांचं फ्रीज-एसी दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. शंभू तिथे मेकॅनिक होता. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचं काम चाले, आणि ते करणारा दत्ताराम म्हणजे शंभूचा थोरला भाऊ. कुडाळहून दोघे आले ते पाठोपाठच. तुबलीत गॅरेज पुष्कळ होती, पण दत्तारामचा जोड म्हटलं की समोरचा माणूस पुढे काही विचारत नसे.

आणि मालिका. इंग्रजी चॅनलवर ती दर शुक्रवारी साडेसहाला लागायची. तिचं खरं नाव 'द फार यार्ड', पण घरात सगळे तिला 'गोदी' म्हणत. गुरू ग्रहाच्याही पलीकडे, अंतराळात, जहाजं दुरुस्त करण्याची एक गोदी असते. तिथे बारा माणसं कंत्राटावर आलेली. जहाज येतं, दुरुस्त होतं, जातं. अकरा भागांत एकदाही राक्षस आला नव्हता. बंदूक एकदाच दिसली होती, पण तिचा घोडा अडकलेला निघाला आणि तो सोडवण्यात अर्धा भाग गेला. सत्यवती इंग्रजी ऐकून मराठीत सांगायची आणि बाकीचे तिच्या सांगण्यावरून भांडायचे.

त्या शुक्रवारी बारावा भाग होता. गोदीच्या बाहेर इंधनाची एक जुनी टाकी सुटली होती आणि ती बांधायला गोदीची इंजिनीअरबाई कमरेला एक दोर लावून बाहेर पडली. ती टाकीपर्यंत पोचते न पोचते तोच टाकी फुटली. पडदा पांढराफटक झाला. आवाज मात्र काहीच नाही. ना धडाम, ना संगीत.

सत्यवतीने श्वास रोखला आणि सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. नवव्या सेकंदाला दत्ताराम उठला. त्याने तीन गुलाबांच्या बरोबर मागे टीव्हीच्या डोक्यावर एक थाप मारली.

"आवाज गेलो," तो म्हणाला.

"भावजी, गेला नाही! तिथे आवाज नाहीच आहे!"

"नाय कसो? एवढी टाकी फुटली, ती काय मुक्यान फुटली?" आणि त्याने दुसरी थाप मारली.

दत्तारामची थाप ती. चित्राचे तिरके पट्टे झाले, गुलाब खाली पडले. शंभूने मागून वायर हलवली, रहिमतुल्लांनी बटण फिरवलं, आणि चित्र परत आलं तेव्हा पडद्यावर नावं चढत होती. इंजिनीअरबाई जगली की मेली, हे अकरांपैकी एकालाही कळलं नाही.

"घ्या!" नसीमाभाभींनी कपाळाला हात लावला. रहिमतुल्लांच्या बायकोला मालिकेतली इंजिनीअरबाई सख्ख्या बहिणीसारखी वाटायची. "टाकीने नाही मारली तिला. दत्तारामभाऊंनी मारली."

"मेली तर सुटली बिचारी," रावजी म्हणाला. रावजी संगमेश्वरचा, पाण्याचा टँकर चालवायचा आणि मालिकाविरोधी पक्षाचा वक्ता होता. "बारा शुक्रवार झाले. स्टोरी मफी, फायटिंग मफी, गाणं मफी, काहीच नाही. ती बाई एकदा तरी हसली का?"

"घरी नेणारं रिलीफचं जहाज तीन महिने लेट आहे," शंभू म्हणाला, "आणि मॅनेजर रोज सांगतो, पुढच्या आठवड्यात नक्की. ही स्टोरी नाही? तुझी लीव्ह कितीदा पुढे ढकलली रे?"

"चारदा."

"मग?"

"मग काय मग? आठवडाभर तेच भोगायचं आणि शुक्रवारी तेच बघायचं?"

"नायतर काय!" दत्तारामने पडलेले गुलाब उचलून उलटे ठेवले. "दिवसभर मी जोड मारतंय. सांजेक हात धुवन बसतंय, तर हय पण जोडच. आणि ता पण धड नाय. त्या पोरग्यान होल्डर धरलेलो बघितलंस? भाकरी परतता तसो."

"आणि तो खानसामा?" नसीमाभाभींनी आपला हुकमाचा पत्ता काढला. "गोदीत एक कांदा उगवला, तो त्याने बारा जणांत सारखा कापला. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"कांदाच होता, भाभी. येणारच," रावजी म्हणाला.

हशा झाला. सत्यवतीही हसली. तिला मान्य होतं की मालिकेत चुका आहेत. शिरस्त्राण काढल्यावर इंजिनीअरबाईचे केस दर वेळी नुकते विंचरल्यासारखे कसे दिसतात, हे तिनेही वहीत लिहून ठेवलं होतं. पण शांततेला कुणी चूक म्हटलं की तिच्या कानाची पाळी गरम व्हायची.

"बाकी काहीही म्हणा," ती म्हणाली, "पण त्यांनी आवाज काढला नाही हे बरोबर आहे. आवाज जायला हवा लागते. बाहेर हवा नाही. म्हणजे आवाज नाही."

"ह्या तू बघितलंस?" दत्तारामने विचारलं. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "स्वतःच्या कानान?"

"पुस्तकात आहे, भावजी."

"पुस्तकात!" रावजीने मांडीवर हात मारला. "टाकी फुटली पुस्तकात. बी.एस्सी. वहिनींनी ऐकली पुस्तकात. ऐका मंडळी, मी व्हिडिओ आणलाय. पुढच्या शुक्रवारी साडेसहाला नवा पिक्चर. नऊ गाणी आहेत, आणि सगळी ऐकू येतात."

"पुढच्या शुक्रवारी शेवटचा भाग आहे!" नसीमाभाभी ओरडल्या. "आणि तो पुन्हा दाखवत नाहीत!"

मग दहाही जण एकदम बोलू लागले आणि त्या गोंधळात एका कपाचा कान गेला. "खलास!" रहिमतुल्ला म्हणाले, तेव्हा सगळे गप्प झाले. रहिमतुल्ला खेडजवळच्या गावचे, वयाने सगळ्यांत मोठे, आणि न्यायनिवाडा करायला मिळाला की खुलणारे. "पाच इकडे, पाच तिकडे. मी मत दिलं तर अर्धं घर माझ्यावर रुसेल. वर्कशॉप मला यांच्याच भरवशावर चालवायचं आहे. तेव्हा दत्ताराम, तुझं म्हणणं एका वाक्यात सांग."

दत्तारामने विचार केला. "घंटा वाजली तर ती आयकाक येतली. ह्या माझा म्हणणा. वाजणारी घंटा डोळ्यांसमोर दाखव, आणि ती आयकाक येऊची नाय असा करून दाखव. मग शेवटचो भाग मी तोंड मिटून बघीन. हूं सुद्धा करूचंय नाय. आणि नाय जमला, तर रावजीचो पिक्चर."

"वहिनी?" रहिमतुल्लांनी विचारलं.

"चालेल," सत्यवती म्हणाली.

सतरा पायऱ्या उतरून अंगणात आल्यावर ती शंभूला म्हणाली, "मी तो प्रयोग पाहिलेला नाही."

"कुठला?"

"हवा काढलेल्या बरणीतली घंटा. आमच्या कॉलेजात काचेची हंडी होती, पण तिचा काठ टवकलेला. पंप होता, त्याचा पट्टा तुटलेला. सरांनी फळ्यावर आकृती काढली, आम्ही वहीत काढली. परीक्षेत तोच प्रश्न आला. पाचपैकी पाच मिळाले मला."

"मग मिळालेत की."

"आकृतीचे मिळाले. घंटेचे नाही."

शंभूने वर्कशॉपच्या बंद शटरकडे हात केला. "पंप आत आहे. एसीच्या नळ्यांतली हवा आम्ही रोज काढतो. पोकळी मोजणारा काटा एकोणतीस इंचांवर जातो, तीसला हवा पुरती संपली. म्हणजे हवा अशी फारशी उरतच नाही. फक्त त्यात घंटा घालून कुणी पाहिली नाही एवढंच."

त्या रात्री सत्यवतीला झोप लागली ती उशिरा, पण लागली तेव्हा ती हसत होती.

पुढचे दोन दिवस तिने वहीत आकडे मांडले. आठ इंची लोखंडी पाइपाचा फूटभर तुकडा, खाली जाड पत्र्याचं बूड, बाजूला पंपाची नळी लावायला तोटी. वरून काचेचं झाकण, म्हणजे आतलं घड्याळ दिसेल. साधी काच चालणार नाही. आतली हवा गेली की बाहेरची हवा त्या काचेवर जवळजवळ सव्वातीनशे किलोंचा भार टाकणार होती. शंभूने हिद्दच्या भंगारवाल्याकडून जहाजाच्या खिडकीची गोल काच आणली, अंगठ्याएवढी जाड. काचेखाली बसवायला ट्यूबच्या रबराची चकती कापली. उरला प्रश्न जोडाचा. जोडातून हवा सुईच्या टोकाएवढीही आत येता कामा नये. असा जोड मारणारा तुबलीत एकच माणूस होता.

रविवारी सत्यवती शेडमध्ये गेली. रावजीचा टँकर बाहेर उभा होता आणि रावजी आत चहा पीत होता.

"भावजी, एक भांडं करून हवं आहे. आत हवा जाता कामा नये."

दत्तारामने डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला. "कित्याक?"

"तुम्हाला हरवायला."

दत्ताराम इतका हसला की त्याला खोकला आला. त्याने वही घेतली, आकृती उलटी धरून पाहिली, मग सुलटी धरली. "काढलंस बरी. बुडाची जाडी किती?"

"आठ मिलीमीटर."

"दहा घेऊया."

ती बाहेर पडत असताना रावजीचं कुजबुजणं तिच्या कानावर आलं, कारण रावजीला कुजबुजता येत नसे. "दत्तारामभाऊ, एक बारीकसं भोक राहू दे ना. केसाएवढं. कोण बघतंय? आपला पिक्चर पक्का."

मग दत्तारामचा आवाज आला, आणि तो पहिल्यांदाच चढलेला होता. "रावजी, चहा संपव आणि जा. ह्या हातान केलेला भांडा गळला, तर उद्या तुबलीत माका कोण इचारतलो?"

शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजानंतर सगळे वर्कशॉपच्या मागच्या अंगणात जमले. फेब्रुवारीतली हवा, ऊन मऊ होतं. मधोमध टेबल, टेबलावर दत्तारामचं भांडं. त्याने त्याला काळा रंगही दिला होता. सत्यवतीने दोन घंट्यांचं गजराचं घड्याळ किल्ली देऊन आत ठेवलं, रबराला ग्रीस लावलं आणि काच बसवली. आधी पंप न लावता मोजायचं ठरलं. गजर वाजू लागला तसा रावजी कान देत एकेक पाऊल मागे सरत गेला आणि जिथे आवाज ऐकू येईनासा झाला तिथे त्याने हात वर केला.

"सत्तावीस पावलं," सत्यवतीने लिहिलं.

मग तिने घड्याळाला पुन्हा किल्ली दिली, गजर दहा मिनिटांनी होईल असा लावला आणि शंभूने पंप सुरू केला. काटा सरकत चार मिनिटांत एकोणतीसवर गेला. शंभूने तोटी बंद केली आणि पंपही. अंगणात कावळ्याचासुद्धा आवाज नव्हता. सगळे काचेभोवती वाकले.

हातोडी दोन घंट्यांमध्ये थरथरू लागली. आणि घंटा वाजली. बारीक, खोल विहिरीतून आल्यासारखी, पण वाजली.

"ऐकू येतंय!" रावजीने उडी मारली. मागे सरत त्याने पावलंही मोजली. "सहा पावलांपर्यंत ऐकू येतंय! चला, व्हिडिओ लावा!"

विरोधी पक्षाने टाळ्या वाजवल्या. नसीमाभाभी मटकन स्टुलावर बसल्या. सत्यवतीच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. पुस्तक खोटं असणं शक्य नव्हतं, आणि पाचपैकी पाच मार्क तिने काही चोरून आणले नव्हते. मग उरतं काय?

"भावजी," ती म्हणाली, "कुठेतरी गळतंय."

तोंडातून शब्द गेला आणि तिला कळलं की आपण काय बोललो. टाळ्या थांबल्या. शंभू जमिनीकडे पाहू लागला. बारा वर्षांत तुबलीत हे वाक्य दत्तारामला कुणी ऐकवलं नव्हतं, आणि ऐकवलं ते धाकट्या भावजयीने, चारचौघांत.

दत्तारामने एक खोकं टेबलाजवळ ओढलं, त्यावर बसला आणि काट्याकडे पाहत राहिला. "हातातला घड्याळ बघ गो," तो म्हणाला. "धा मिनटां."

दहा मिनिटं सगळ्यांनी काट्याकडे पाहिलं. काटा एकोणतीसवर होता. दहा मिनिटांनंतरही तो एकोणतीसवरच होता, केसभरही हलला नव्हता.

"ह्या आधी लिही," दत्ताराम म्हणाला.

सत्यवतीने लिहिलं. "चुकलं माझं, भावजी," ती म्हणाली.

"चुकला ता चुकला. पण मग आवाज खयसून येता?" तो उठला. आता त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गिऱ्हाइकाची गाडी कुठेतरी खडखडते आणि कुठे ते सापडत नाही, तेव्हा असायचा तसा तो चेहरा होता. "पुन्हा लाव तुझा घड्याळ."

"अरे, जिंकलो ना आपण!" रावजी म्हणाला.

"तू गप."

तोटी उघडली, घड्याळाला किल्ली दिली, पुन्हा हवा काढली. दत्ताराम शेडमधून हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. इंजिनाचं कुठलं बेअरिंग वाजतं ते शोधायला गॅरेजातली माणसं करतात तसं त्याने केलं. मूठ कानाला लावली आणि टोक भांड्याला टेकवलं. गजर सुरू झाला. त्याने टोक काचेच्या कडेला लावलं, मान हलवली. जोडाला लावलं, पुन्हा मान हलवली. मग खाली वाकून बुडाला लावलं आणि एकदम कान मागे घेतला.

"बूड वाजता! देवळातली घंटा वाजता तसा वाजता. आईक!"

सत्यवतीने मूठ कानाला लावली. घंटा कानात फुटली. ती वाकून काचेतून पाहू लागली. घड्याळाचे दोन पितळी पाय दहा मिलीमीटर लोखंडावर घट्ट उभे होते.

"हवेतसून नाय येत," दत्ताराम सावकाश म्हणाला. "पायांतसून बुडात, बुडातसून टेबलात. लोखंडाची वाट गावली त्येका."

सत्यवतीने वही उघडली. आकृतीत घंटा टांगलेली असते. फळ्यावर सरांनी टांगलेली काढली होती, परीक्षेत तिने टांगलेली काढली होती, गेल्या शनिवारी वहीतही टांगलेलीच काढली होती. का टांगायची, हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं; घड्याळाला पाय होते, म्हणून ते तिने सरळ बुडावर उभं केलं होतं. ती स्वतःशीच हसू लागली आणि मग तिला थांबता येईना.

"भावजी, आत दोन हुक लागतील. काठापासून तीन इंच खाली."

"आठ इंची पायपात, आतसून," दत्ताराम म्हणाला. "हात तरी जाईल काय माझो?" असं म्हणेपर्यंत तो भांडं काखेत मारून शेडकडे निघालाही होता.

"हा कुठल्या पार्टीत आहे?" रावजीने रहिमतुल्लांना विचारलं.

"वेल्डिंगच्या," रहिमतुल्ला म्हणाले.

साडेचार वाजता भांडं परत आलं, अजून कोमट. नसीमाभाभींनी शिवणाच्या डब्यातून नवं इलॅस्टिक आणलं. दत्तारामच्या बोटांना ते बांधता येईना, म्हणून सत्यवतीने बांधलं आणि घड्याळ दोन हुकांमध्ये पाळण्यासारखं झुलू लागलं. कुठेही लोखंडाला टेकत नव्हतं. काच बसली, पंप चालला, काटा एकोणतीसवर गेला, तोटी बंद, पंप बंद.

सगळे वाकले. डोक्याला डोकी लागली.

"कधी वाजणार?" रावजीने विचारलं.

"वाजतंय," सत्यवती म्हणाली.

हातोडी थरथरत होती. इतक्या वेगाने, की तिच्या जागी नुसता धुरकट पट्टा दिसत होता. दोन्ही घंटा हादरत होत्या, घड्याळ इलॅस्टिकवर नाचत होतं. रावजीने काचेला नाक लावलं, मग कान लावला, मग दुसरा कान. दूर हमरस्त्यावरून एक ट्रक गेला, तो सगळ्यांना ऐकू आला. घंटा ऐकू येत नव्हती.

सत्यवतीच्या अंगावर काटा आला. दोन वर्षांपूर्वी जे तिने खरं म्हणून लिहिलं होतं, ते खरोखर खरं होतं.

"आता," ती हळू म्हणाली आणि तिने तोटी उघडली. हवा सूं करत आत शिरू लागली, आणि तिच्याबरोबर कुठूनशी घंटा आली. आधी मुंगीएवढी, मग वाढत वाढत, आणि शेवटी अख्खं अंगण दणाणून टाकणारी. नसीमाभाभींनी टाळ्या पिटल्या. रहिमतुल्ला "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत दाढी कुरवाळू लागले. विरोधी पक्षातले दोघे तर "वन्स मोअर" म्हणून ओरडले.

"पुन्हा," दत्ताराम म्हणाला.

पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा तोटी त्याने स्वतः उघडली, अगदी हळू, आणि आवाज वाढत असताना तो डोळे मिटून ऐकत राहिला.

"पटलं ना, भावजी?"

दत्तारामने डोळे उघडले. "जोड गळलो नाय," तो म्हणाला आणि मिशीतल्या मिशीत हसला. "बाकी तुझा तू लिही."

सत्यवतीने लिहिलं. काच ठेवून, हवा असताना: सत्तावीस पावलं. हवा नसताना, घड्याळ बुडावर: सहा पावलं. हवा नसताना, घड्याळ टांगून: शून्य.

साडेसहाला हॉलमध्ये अकराही जण हजर होते. आता कप आठ आणि पेले तीन. रावजी व्हिडिओची कॅसेट मांडीवर घेऊन बसला होता, न जाणो वीज गेली आणि परत आली तर. दत्ताराम टीव्हीपासून सगळ्यांत लांबच्या दिवाणावर बसला होता. रहिमतुल्लांनीच त्याला तिथे बसवलं होतं.

शेवटचा भाग सुरू झाला तो टाकी फुटल्याच्या त्याच क्षणापासून. पांढरा उजेड हळूहळू विरला. इंजिनीअरबाई जिवंत होती, दोराच्या टोकाला, गोदीपासून दूर दूर वाहत चाललेली. टाकीचे तुकडे तिच्या बाजूने जात होते, एक तर शिरस्त्राणाला चाटून गेला. कशाचाच आवाज नव्हता. तिचे ओठ हलत होते, पण बहुधा तिचा रेडिओ बंद पडला होता. ती दोर धरून एकेक हात पुढे येऊ लागली.

दत्तारामचा उजवा हात आपसूक उठला. त्याने हाताकडे पाहिलं, तो मांडीखाली घातला आणि त्यावर बसला.

नसीमाभाभींच्या कपातला चहा तसाच होता. रावजीचं तोंड उघडं होतं. शंभूने सत्यवतीचा पदर मुठीत धरला होता आणि ते त्याच्या लक्षात नव्हतं. इंजिनीअरबाई दारापाशी पोचली. आतून तिच्यासारखाच पोशाख चढवलेल्या खानसाम्याने तिचं मनगट पकडलं, तिला छोट्या खोलीत ओढलं आणि दार लावलं. भिंतीतल्या झडपेतून हवा आत येऊ लागली. आणि हवेबरोबर, आधी मुंगीएवढा, मग वाढत वाढत, खोलीतल्या धोक्याच्या घंटेचा आवाज आला.

पडद्यावर घंटा वाजत राहिली आणि हॉलमध्ये कुणी काहीच बोललं नाही. मग दिवाणावरून दत्ताराम मोठ्याने म्हणाला, "तोटी उघडली!" आणि सगळे एकदम ओरडू लागले.

सत्यवतीने घड्याळावरची नजर काढली आणि वहीत शेवटची ओळ लिहिली. शांतता: पडद्यावर एक मिनिट बेचाळीस सेकंद, हॉलमध्ये एक मिनिट एक्कावन्न सेकंद.